अि, अी, अु आणि युनिकोड : वर्ध्याच्या बाराखडीतून काही तांत्रिक शब्द

आमच्या धंद्यातले शब्द मोठे मजेशीर असतात. एन्कोडिंग, फॉन्ट, रेंडरिंग, लेगसी, फोर्क, रोलबॅक... दिवसभर मीटिंगांमध्ये हे शब्द एकमेकांच्या अंगावर फेकले जातात. पण त्यातल्याच एखाद्याला कोपऱ्यात गाठून "म्हणजे नक्की काय रे?" असं विचारलं, तर बहुतेक मंडळी चहा आणायला निघून जातात. दोष त्यांचा नाही. हे शब्द आपल्याला नेहमी अमेरिकेतल्या गोष्टींतून समजावले जातात. कुठल्या गॅरेजमध्ये कुणी काय जोडलं, कुठल्या विद्यापीठात कुणी काय लिहिलं, वगैरे. वाचताना छान वाटतं आणि सोमवारपर्यंत विसरायला होतं.

म्हणून आज हेच शब्द मी वर्ध्याच्या गोष्टीतून सांगणार आहे. एक कारण म्हणजे मी त्या जिल्ह्यातला. दुसरं आणि खरं कारण असं की १९३५-३६ च्या सुमारास वर्ध्यात एक प्रयोग सुरू झाला, जो आज कुठल्याही सॉफ्टवेअर कंपनीत झाला असता तर त्याला आपण 'देवनागरी व्हर्जन २.०' म्हटलं असतं. तो फसला. पण तो ज्या कारणांनी सुरू झाला आणि ज्या कारणांनी फसला, ती कारणं समजली की वरचे निम्मेअधिक शब्द आपोआप समजतात.

अडचण काय होती?

आपली बाराखडी जरा नीट बघा. आ म्हणजे अ ला काना. ओ म्हणजे अ ला काना-मात्रा. औ, अं, अः हे सगळे अ च्याच अंगावर उभे. पण इ, ई, उ, ऊ, ऋ, ए, ऐ? यांचे चेहरे एकदम वेगळे. व्यंजनांना मात्र 'कि' असो नाहीतर 'कु', चिन्हं सगळीकडे तीच.

हाताने लिहिताना याचा काही त्रास नाही. लहानपणी एकदा पाठ केलं की झालं. त्रास सुरू होतो तो यंत्र आलं की. छापखान्यात प्रत्येक आकारासाठी शिशाचा वेगळा खिळा लागतो. रोमन लिपीचं काम शंभर-सव्वाशे खिळ्यांत भागतं. देवनागरीला मात्रा, जोडाक्षरं, रफार, अर्धी अक्षरं धरून शेकडो खिळे लागायचे आणि जुळाऱ्याला खिळ्यांच्या केशींच्या भिंतीपुढे दिवसभर हात नाचवावे लागायचे. टंकलेखन यंत्राची गोष्ट तर आणखी कठीण. त्यावर कळा साधारण पंचेचाळीस-शेहेचाळीस, म्हणजे शिफ्ट धरून जागा नव्वदच्या आसपास. त्यात अख्खी देवनागरी कोंबायची.

तेव्हा काही लोकांनी सरळ प्रश्न विचारला. ओ जर अ वर काना-मात्रा देऊन होतो, तर इ सुद्धा अ वर वेलांटी देऊन का होऊ नये? म्हणजे अि, अी, अु, अू, अृ, अे, अै. सात अक्षरं एका झटक्यात वाचली! अितिहास, अुद्या, अेक. सुरुवातीला डोळ्याला खुपतं, पण वाचता येतं की नाही? यालाच 'अ ची बाराखडी' म्हणत. (गुजराती येणारे वाचक हसत असतील. त्यांच्या लिपीत ए आणि ऐ आधीपासूनच अ वर मात्रा देऊन लिहितात.)

गंमत म्हणजे हे कुणा एका गटाचं खूळ नव्हतं. रत्नागिरीत स्थानबद्ध असताना सावरकरांनी लिपिशुद्धीच्या चळवळीत हीच बाराखडी मांडली आणि 'किर्लोस्कर' मासिकाने ती काही वर्षं वापरलीही. दुसरीकडे १९३५ साली इंदूरला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलनाचं अधिवेशन झालं. तिथे लिपी-सुधारणेसाठी एक समिती नेमली गेली आणि तिची धुरा काकासाहेब कालेलकरांकडे आली. काकासाहेब मूळचे साताऱ्याचे मराठी माणूस, पण गुजराती इतकं अस्सल लिहीत की गांधीजी त्यांना 'सवाई गुजराती' म्हणत. म्हणजे राजकारणात ज्यांचं एकमेकांशी कधी पटलं नाही अशा दोन टोकांना इ च्या जागी अि च हवा होता. तांत्रिक अडचण समोर असली की असं होतं कधीकधी.

पुढच्याच वर्षी, १९३६ साली, नागपूरला राजेंद्रप्रसादांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या अधिवेशनानंतर वर्ध्यात राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली. हिंदी मातृभाषा नसलेल्या प्रांतांत हिंदी शिकवायची, परीक्षा घ्यायच्या, पुस्तकं छापायची हे तिचं काम. आणि या समितीने ती अ ची बाराखडी उचलली. पुस्तकांत अि, अी, अु छापून आलं. कल्पना कागदावर राहिली नाही, वापरणाऱ्यांच्या हातात गेली. आमच्या भाषेत 'रोलआउट' झाला.

शब्द पहिला : एन्कोडिंग

आता इथे थांबून एक तांत्रिक गोष्ट बघू.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कुठल्या अक्षराला कुठला आकडा द्यायचा याचा सगळ्यांनी मान्य केलेला तक्ता म्हणजे एन्कोडिंग. १९६३ सालचा 'आस्की' हा असाच तक्ता. त्यात जागा १२८. इंग्रजी अक्षरं, आकडे, विरामचिन्हं झाली की संपला. त्या तक्त्यात आपलं नाव लिहायची सोयच नव्हती.

छापखान्याच्या भाषेत सांगायचं तर एन्कोडिंग म्हणजे केशीतल्या घरांचे क्रमांक. सत्तावीस नंबरच्या घरात 'क' ठेवायचा, असं सगळ्या छापखान्यांनी ठरवलं, तर वर्ध्याचा जुळारी पुण्यात जाऊनही डोळे मिटून काम करेल. प्रत्येकाने आपापलं ठरवलं तर पहिल्याच दिवशी गोंधळ.

भारतीय लिप्यांसाठी असा तक्ता 'इस्की' या नावाने तयार झाला. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं आणि १९९१ साली तो भारतीय मानक म्हणून जाहीर झाला. त्यातली हुशारी अशी की 'क' ला एकच आकडा, मग तो देवनागरीतला असो, बंगालीतला की तेलुगूतला. लिपी बदलायची सूचना दिली की तोच मजकूर दुसऱ्या लिपीत दिसायचा.

इथे मला हटकून पवनार आठवतं. वर्ध्याहून नागपूरकडे जाताना धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम लागतो. विनोबांचा आयुष्यभर आग्रह होता की भारतातल्या सगळ्या भाषा आपापल्या लिपीबरोबर नागरीतही लिहिल्या जाव्यात, म्हणजे माणसाला शेजारची भाषा शिकताना लिपीची भिंत आडवी येणार नाही. त्यांच्याच प्रेरणेने १९७५ साली नागरी लिपी परिषद उभी राहिली. विनोबांना दिसणारी लिपी समान हवी होती. इस्कीने नेमकं उलटं केलं. आतला आकडा समान ठेवला आणि दिसणारी लिपी ज्याची त्याला ठेवू दिली. दोन्हींमागची निकड मात्र एकच होती.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ सालचीच. तिने प्रत्येक लिपीला स्वतंत्र १२८ घरांची गल्ली दिली, पण गल्लीतली घरं इस्कीच्याच क्रमाने लावली. देवनागरी अ चा क्रमांक २३०९. गुजराती अ चा २६९३. फरक ३८४, म्हणजे बरोब्बर तीन गल्ल्या. करून बघा, सगळ्या अक्षरांना जवळजवळ हाच फरक मिळेल.

आणि 'युटीएफ-८'? युनिकोड म्हणजे क्रमांकांची यादी. ते क्रमांक फाइलमध्ये बाइट्सच्या रूपात कसे लिहायचे याची पद्धत म्हणजे युटीएफ-८. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली ती बसवली. इंग्रजी अक्षराला एक बाइट, देवनागरीला तीन. 'वर्धा' हा शब्द फाइलमध्ये पंधरा बाइट घेतो. अक्षरं दोन दिसतात, मग पंधरा कसे? तेच बघू.

शब्द दुसरा : रेंडरिंग

'वर्धा' मध्ये साठवलेल्या खुणा पाच. व, र, हलन्त, ध, काना. क्रमांकांत सांगायचं तर २३५७, २३५२, २३८१, २३४३, २३६६. प्रत्येकी तीन बाइट, म्हणून पंधरा.

आता गंमत बघा. आपण बोलताना र् आधी म्हणतो आणि धा नंतर. साठवलेला क्रमही तोच. पण लिहिताना तो र् रफार होऊन धा च्या डोक्यावर जाऊन बसतो. तसंच 'हिंगणघाट' मधली पहिली वेलांटी. उच्चारात ह आधी, लिहिताना मात्र वेलांटी ह च्या आधी काढायची. साठवलेल्या क्रमाने आलेल्या आकड्यांतून पडद्यावरचं योग्य चित्र उभं करणं, म्हणजे रफार उचलून पुढे नेणं, वेलांटी मागे ओढणं, जोडाक्षर बनवणं, याला रेंडरिंग म्हणतात.

हे काम पूर्वी कोण करायचं? जुळारी! त्याला मजकूर वाचता यायचा, म्हणून रफाराचा खिळा कुठे बसवायचा ते त्याला कळायचं. टंकलेखन यंत्र आलं आणि हे शहाणपण यंत्राकडे नसल्यामुळे माणसाच्या बोटांवर आलं. 'वर्धा' टंकताना आधी व, मग धा आणि मग वर रफार. म्हणजे उच्चाराचा क्रम सोडून दिसण्याच्या क्रमाने.

१९३०-४० च्या दशकांतल्या लिपी-सुधारकांपुढे पर्याय एकच होता. यंत्र मठ्ठ आहे, ते बदलत नाही, तेव्हा लिपी सोपी करा. त्या काळात हे अगदी शहाणपणाचं होतं. पुढे पन्नास वर्षांनी यंत्र इतकं हुशार होईल की रफार स्वतःच उचलून ठेवेल, हे तेव्हा कुणी गृहीत धरणार? आपणही आज कित्येक निर्णय यंत्राच्या आजच्या मर्यादेला धरून घेतो आणि त्यात माणसांच्या सवयी वाकवतो. तेव्हा हसण्याआधी जरा दमाने.

शब्द तिसरा : फॉन्ट (आणि ग्लिफ)

एन्कोडिंग म्हणजे घराचा क्रमांक, तर फॉन्ट म्हणजे त्या घरात ठेवलेलं चित्र. त्या एकेका चित्राला ग्लिफ म्हणतात. क्रमांक तोच, चित्रं अनेक.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपला ल. हिंदीचा ल आणि मराठीचा देठ असलेला ल यांची वळणं वेगळी. श चंही तसंच. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी हे आपले ल आणि श पुन्हा प्रमाण ठरवले. पण युनिकोडमध्ये ल चा क्रमांक एकच आहे, २३५४. मग मराठीचा ल कसा दिसायचा? फॉन्टमध्ये दोन्ही चित्रं ठेवायची आणि पानावर 'ही भाषा मराठी आहे' अशी खूण करायची. वेब डेव्हलपर मंडळी, ही खूण पानावर एका शब्दाची असते. पुढच्या वेळी मराठी पान बनवताना तेवढं करा. बऱ्याच सरकारी पानांवरही ती सापडत नाही.

शब्द चौथा : लेगसी

लेगसी म्हणजे वारसा. आमच्या धंद्यात मात्र हा शब्द कपाळाला हात लावून उच्चारतात. जुनं आहे, चालू आहे, कुणाला नीट कळत नाही आणि फेकताही येत नाही, ते लेगसी.

मराठीचं सगळ्यात मोठं लेगसी प्रकरण म्हणजे युनिकोडपूर्व फॉन्ट. नव्वदच्या दशकात डीटीपी आलं, पण संगणकांना देवनागरी येत नव्हती. तेव्हा एक जुगाड झाला. इंग्रजी अक्षरांच्याच घरांत इंग्रजीऐवजी मराठी चित्रं ठेवायची. संगणकाला वाटायचं आपण इंग्रजी लिहितोय, माणसाला दिसायचं मराठी. शिवाजी, किरण, श्रीलिपी, आकृती, कृतिदेव... प्रत्येकाची घरं वेगळी. २००० च्या दशकात जालावर मराठी वर्तमानपत्र वाचायचं तर आधी त्यांचा फॉन्ट उतरवून घ्यावा लागे, आठवतंय? फॉन्ट नसला की पानभर इंग्रजी अक्षरांची भेळ.

हा जुगाड करणाऱ्यांना नावं ठेवू नयेत. त्यांच्यामुळे वीस वर्षं मराठी पुस्तकं, लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीच्या नोटिसा निघाल्या. पण त्याची किंमत कशी चुकवावी लागते हे मी घरात पाहिलंय.

देवळी तालुक्यातल्या माझ्या आत्याने गावातल्या म्हाताऱ्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या. तीनशेच्या वर. २००१ साली त्या एका डीटीपीवाल्याकडून टंकून घेतल्या, सीडी करून ट्रंकेत ठेवली. दहा-अकरा वर्षांनी ती सीडी माझ्या लॅपटॉपवर उघडली तर पडद्यावर इंग्रजी भेळ. आत्या चष्मा सरसावत म्हणाली, "हे काहून असं आलं रे बाप्पा? म्या तं मराठीत देल्लं होतं."

काय सांगणार? फाइलमध्ये मराठी कधी नव्हतंच, आत्या. मराठीची चित्रं होती आणि चित्रं दाखवणारा फॉन्ट आता नाही.

कुठला फॉन्ट ते शोधायला दोन शनिवार गेले. मग एका रूपांतरकातून मजकूर काढला. बराचसा आला. पण रफार भलत्या अक्षरांवर, वेलांट्या एक घर मागे-पुढे आणि काही जोडाक्षरांच्या जागी नुसते चौकोन, कारण त्या फॉन्टमध्ये मजकूर दिसण्याच्या क्रमाने साठवला होता, टंकलेखन यंत्रासारखाच. मी वाचत गेलो आणि आत्या तोंडपाठ म्हणत दुरुस्त करत गेली. शेवटी वीस-बावीस ओव्या राहिल्या. त्या ज्यांच्याकडून घेतल्या त्या बाया तोवर गेल्या होत्या आणि आत्यालाही आठवत नव्हत्या. त्या ओव्यांमध्ये अजून चौकोन आहेत. तसेच ठेवलेत मी. अंदाजाने शब्द भरायचा धीर झाला नाही.

तेव्हापासून कुणी 'एन्कोडिंग हा काय, तांत्रिक तपशील आहे' असं म्हटलं की मी जरा गप्प होतो.

शब्द पाचवा : बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी, आणि सहावा : रोलबॅक

परत वर्ध्याला येऊ. अ ची बाराखडी इतकी तर्कशुद्ध होती, मग टिकली का नाही?

कारण जुनी पुस्तकं जुन्याच लिपीत होती. ज्ञानेश्वरीपासून शाळेच्या अंकलिपीपर्यंत सगळीकडे इ. नव्या पद्धतीने शिकलेल्या मुलाला जुनं वाचण्यासाठी इ शिकावाच लागणार. म्हणजे ओझं सातने कमी होण्याऐवजी सातने वाढलं, अि पण शिका आणि इ पण शिका! नवी गोष्ट जुन्याशी जुळवून घेते की नाही, याला बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी म्हणतात. जुनं वाचता आलं नाही तर नवं कितीही सुबक असो, लोक ते घेत नाहीत.

उत्तर प्रदेश सरकारने १९४७ साली आचार्य नरेंद्र देव यांच्या अध्यक्षतेखाली लिपी-सुधार समिती नेमली. तिने १९४९ च्या अहवालात अ ची बाराखडी नाकारली. पुढे १९५३ साली लखनौच्या परिषदेत आणखी एक सुधारणा ठरली. ऱ्हस्व वेलांटी डावीकडे न देता उजवीकडेच द्यायची, फक्त तिची उभी रेघ आखूड ठेवायची. म्हणजे यंत्राला मागे जायला नको. कागदावर सुंदर. प्रत्यक्षात 'कि' आणि 'की' मध्ये एका रेघेच्या लांबीचाच फरक उरला आणि लोक वैतागले. १९५७ साली ती सूचना मागे घेऊन जुनी वेलांटी परत आणली. नवी आवृत्ती काढून घेऊन आधीची परत बसवणं म्हणजे रोलबॅक. आमच्याकडे तो रात्री दोन वाजता होतो आणि सकाळी सगळ्यांना मेल जाते. लिपीच्या रोलबॅकला चार वर्षं लागली. मधल्या काळात शिकलेल्या पोरांना मेल कुणी पाठवली नाही.

शब्द सातवा : फोर्क

वर्ध्यात त्या काळी आणखी एक गोष्ट झाली. राष्ट्रभाषा कशी असावी यावर मतभेद वाढत गेले. गांधीजींचं म्हणणं होतं, बोलीभाषेच्या जवळची हिंदुस्तानी असावी आणि ती नागरी व उर्दू अशा दोन्ही लिप्यांत शिकवावी. हिंदी साहित्य संमेलनाची भूमिका हिंदी आणि नागरी. शेवटी १९४२ साली वर्ध्यातच हिंदुस्तानी प्रचार सभा निघाली आणि १९४५ मध्ये गांधीजी साहित्य संमेलनातून बाहेर पडले. म्हणजे एकाच गावात, काही अंशी तीच माणसं, तोच हेतू आणि दोन संस्था, दोन दिशा.

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये याला फोर्क म्हणतात. आतापर्यंतचं सगळं काम सोबत घ्यायचं आणि पुढचा रस्ता वेगळा धरायचा. फोर्क झाला की लोक भांडण झालं असं समजतात. भांडण असतंच. पण दोन्ही बाजूंना काम चालू ठेवायचं असतं म्हणूनच फोर्क होतो, नाहीतर एकजण नुसता घरी गेला असता.

शब्द आठवा : कळफलक मांडणी

वर्ध्याची बाराखडी अगदीच वाया गेली का? मला तसं वाटत नाही.

१९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इनस्क्रिप्ट नावाचा कळफलक ठरवला. तुमच्या संगणकात तो आहेच, कदाचित कधी उघडला नसेल. त्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. आणि मुख्य गोष्ट, एकाच कळीवर वेलांटी आणि शिफ्ट दाबून इ. एकाच कळीवर उकार आणि शिफ्ट दाबून उ. एका कळीवर हलन्त आणि शिफ्ट दाबून अ. म्हणजे इ आणि वेलांटी या एकाच स्वराच्या दोन रूपांना एकच घर. अ च्या बाराखडीमागचा विचार हाच तर होता! फक्त तो लिपीवर न लादता कळफलकात ठेवला. दिसणारं इ तसंच राहिलं, बोटांचे कष्ट वाचले. हा वर्ध्याचा परिणाम आहे असा माझा दावा नाही. पण एकच अडचण दोन पिढ्यांनी सोडवली आणि दुसऱ्या पिढीने ती योग्य जागी सोडवली, एवढं मला दिसतं.

आणि ॲ? ॲप, ॲसिड, ॲडमिशन मधला तो ॲ. अ वर अर्धचंद्र, म्हणजे चक्क अ ची बाराखडी! हिंदी पद्धतीत ए वर अर्धचंद्र देतात. मराठीच्या या ॲ ला युनिकोडमध्ये स्वतःचं घर, क्रमांक २४१८, थेट २००८ साली मिळालं. तोवर आपण अ आणि अर्धचंद्र असं जोडून टंकत होतो आणि काही न्याहाळकांत मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ बघत होतो.

शब्द नववा : नॉर्मलायझेशन

शेवटचा शब्द, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा.

माझ्या आजोबांनी वर्ध्याच्या समितीची 'कोविद' परीक्षा दिली होती. त्यांच्या वहीत 'अीश्वर' आणि 'अितिहास' असंच लिहिलेलं आहे. समजा उद्या ती वही मी तशीच टंकून आंतरजालावर ठेवली. युनिकोडला हरकत नाही, अ आणि वेलांटी लागोपाठ टंकता येतं (या पानावर तुम्हाला ते दिसतंच आहे). पण कुणी 'इतिहास' शोधलं तर ती वही सापडणार नाही. संगणकाच्या लेखी 'इतिहास' आणि 'अितिहास' यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. माणसाला एक वाटणाऱ्या, पण आत वेगळ्या साठवलेल्या गोष्टी एका रूपात आणणं म्हणजे नॉर्मलायझेशन. युनिकोडचे स्वतःचे काही नियम आहेत, पण अि आणि इ एकच, हे त्यांना माहीत नाही. ते कुणीतरी आपल्यापैकीच सांगायला हवं.

आणि हे फक्त जुन्या वहीपुरतं नाही. 'दऱ्या' हा शब्द घ्या, डोंगर-दऱ्यांमधला. त्यातला तो अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो. एकात नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण. पडद्यावर दोन्ही सारखेच, आत वेगळे. एका पद्धतीने शोधलं तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेलं हुकू शकतं. तुम्ही बँकेच्या, दवाखान्याच्या, नाहीतर विम्याच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करत असाल तर क्षणभर विचार करा. आडनावात हा र असलेला एखादा माणूस खिडकीशी उभा आहे, त्याचं नाव पडद्यावर दिसतंय आणि तरी यंत्र म्हणतंय, नोंद सापडत नाही. त्या माणसाला यातलं काय कळणार? तो आपली कागदपत्रं पुन्हा पुन्हा तपासत राहील.

मग करायचं काय?

लिहिताना थोडं लांबलं, पण तीन गोष्टी सांगून थांबतो.

एक, घरात जुन्या फॉन्टमधल्या फाइली असतील, कुणाच्या कविता, घराण्याची वंशावळ, संस्थेचा अहवाल, तर त्या याच महिन्यात युनिकोडमध्ये आणा. ज्याला तो मजकूर पाठ आहे असा माणूस हयात असेपर्यंत हे काम सोपं असतं. नंतर ते फक्त तांत्रिक उरतं आणि तांत्रिक काम कधीच पुरतं होत नाही.

दोन, मूळ फाइल फेकू नका. तिच्याशेजारी एका ओळीत फॉन्टचं नाव लिहून ठेवा. एवढ्या एका ओळीने माझे दोन शनिवार वाचले असते.

तीन, मराठी नावं, गावं, पत्ते साठवणारं काहीही बनवत असाल तर आधी ॲ, ऱ्य, ऱ्ह आणि ळ असलेली दहा-वीस नावं टाकून ती परत शोधून बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

वर्ध्यात आज महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे. १९७५ च्या जानेवारीत नागपूरला पहिलं विश्व हिंदी संमेलन भरलं होतं, ते भरवण्यात राष्ट्रभाषा प्रचार समितीचाच पुढाकार होता आणि या विद्यापीठाचा ठराव तिथलाच. १९९७ साली ते प्रत्यक्षात आलं. तिथे भाषा आणि तंत्रज्ञान हा विषय शिकवतात आणि त्यांच्या 'हिंदीसमय' या संकेतस्थळावर हिंदी साहित्याचा मोठा साठा युनिकोडमध्ये, म्हणजे शोधता येईल अशा रूपात आहे. जिथे यंत्रासाठी लिपी बदलायला निघाले होते, त्याच गावात आता लिपीसाठी यंत्र कसं वापरायचं ते शिकतात.

काकासाहेबांच्या पिढीने हरलेला डाव मांडला होता असं मला वाटत नाही. त्यांनी आपली लिपी यंत्रावर यावी म्हणून स्वतःच्या सवयी मोडायची तयारी दाखवली. आपल्याला तेवढंही करायचं नाही. यंत्र आता शिकायला तयार आहे. त्याला नीट सांगणारं कुणीतरी हवं, बस्स.

असो. पुढच्या शनिवारी 'कॅश' या शब्दाबद्दल. तो पैशाचा नव्हे, दुसरा. :)